रविवारी गड नाही, गाणं : तयारीची यादी

दर शुक्रवारी रात्री आमच्या ट्रेकच्या मंडळींसाठी मी यादी काढते. बूट, शिट्टी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, कोरडे मोजे. या शुक्रवारीही यादी आहे, फक्त गड नाही. आमच्यातली ताई, जी राजमाचीच्या वाटेवर कायम शेवटून दुसरी असते आणि तरी एकदाही "अजून किती?" असं विचारत नाही, ती रविवारी संध्याकाळी सहाला दीडशे खुर्च्यांच्या एका सभागृहात ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, गाणार आहे. तबल्यावर आमचाच, दोर आणि कॅराबिनर सांभाळणारा दादा. दोघांची नोकरी दिवसभराची, रियाज पहाटेचा. आपण तीसेक जण जाणार. तीस माणसं दीडशेंच्या हॉलमध्ये म्हणजे पाचवा हिस्सा. आपण नीट बसलो तर मैफल उभी राहील, नाही बसलो तर आपणच ती पाडू.

पहिलं काम पैशाचं, आणि ते आजच उरकायचं. प्रवेश विनामूल्य असला तरी हॉलचं भाडं, ध्वनिव्यवस्था, हार्मोनियमवाल्यांची बिदागी, सतरंज्या, चहा हे सगळं कोणीतरी भरतंच. हौशी कलाकाराचा कार्यक्रम म्हणजे बहुतेक वेळा त्याच्याच खिशातला कार्यक्रम. तेव्हा पुष्पगुच्छ नको. तो सेलोफेनचा कागद आलापात कसा वाजतो ते ऐकलेलं आहे. ट्रेकला काढतो तशीच वर्गणी काढू आणि पाकीट ताईच्या हातात न देता तिच्या नवऱ्याकडे आधीच पोचवू. ती नको म्हणेल, तो म्हणणार नाही.

आठवडाभर रोज दहा मिनिटं कान तयार करायचे. याला मी बुटांइतकंच आवश्यक धरते. ताई सुरुवातीला पूरिया धनाश्री गाणार आहे. संधिप्रकाशाचा राग. ऑगस्टात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे तिचा बडा ख्याल, रागाचा संथ, मोठा भाग, बरोबर त्या वेळेला चालू असेल. त्यात रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र. हे पाठ करायची गरज नाही. भीमसेन जोशींनी गायलेला पूरिया धनाश्री एकदा शांतपणे ऐका, बाकीचं कानच सांगेल. त्यानंतर पावसाचे दिवस म्हणून मियाँ मल्हार, आणि शेवटी भैरवीत एक अभंग.

तालाचा मात्र थोडा गृहपाठ हवा. छोटा ख्याल, म्हणजे त्यानंतरची जलद बंदिश, तीनतालात आहे. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. घरी भांडी घासताना मोजा, दोन दिवसांत जमतं. बडा ख्याल विलंबित एकतालात. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. तिथे मोजायला जाऊ नका, हरवाल. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, ओळखून ठेवा. आलाप कितीही दूर भटकला तरी तो मुखडा आला की समजायचं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आली. दादा तबल्यावर किंचित मान उचलतो, ताईचा हात खाली येतो, आणि दोघं एकाच क्षणी समेवर उतरतात. एवढं एकदा कळलं की कंटाळा येत नाही. आमच्यातले एक काका, ज्यांना आजवर "आ आ कधी संपणार" एवढाच प्रश्न पडायचा, त्यांना मागच्या रविवारी गाडीत बसून मी हे दाखवलं. पुढच्या समेला ते स्वतःच "आली!" म्हणून ओरडले. हॉलमध्ये ओरडायचं नाही, काका.

शनिवारची कामं तंबोऱ्याची. दोन तंबोरे न्यायचे आहेत. दोन्ही मिरजेचे, ज्या गावाच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं मोठं वाद्य दिसतं, पण खालचा भोपळा म्हणजे खरोखरचा वाळवलेला भोपळा. एक धक्का बसला तर नारळासारखा तडकतो. सॅक आपटायची सवय असलेल्या लोकांना हे दोनदा सांगते. डिकीत टाकायचा नाही. मागच्या सीटवर आडवा, भोपळ्याखाली उशी, आणि शेजारी बसणाऱ्याने मान मांडीवर धरायची. खुंट्यांना हात लावायचा नाही, तारेखालचा तो पांढरा दोरा लोंबतोय म्हणून ओढायचा तर मुळीच नाही. घोडीवर तारेखाली तो दोरा जिथे बसवलेला असतो, तिथूनच जवारी, म्हणजे तंबोऱ्याची ती गुंजणारी आस, खुलते. तो सरकला की गोल, भरलेला आवाज जाऊन नुसती तार टणटणते. पाऊस असेल तर गवसणीवर आपले सॅकचे रेनकव्हर चढवता येतात. मी मोजून पाहिलं, पंचावन्न लिटरचं कव्हर भोपळ्यावर अगदी फिट बसतं. वीस वर्षांच्या भटकंतीचा संगीताला एवढाच उपयोग झाला म्हणा.

दादाचं सामान तो स्वतः उचलेल, तुम्ही फक्त दार धरा. ताईचा स्वर काळी चार, म्हणजे तिचा 'सा' पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, त्यामुळे तबला छोट्या तोंडाचा, टिपेचा. तो दोन आणणार आहे, एक राखीव. दमट हवेत चामडं सैलावतं आणि सूर उतरतो, मग स्टेजवरच्या दिव्यांखाली ते सुकतं आणि सूर चढतो. म्हणून तो गाण्याच्या मध्येसुद्धा हातोडीने गठ्ठे ठोकताना दिसेल. काही बिघडलेलं नाही. तंबोरे लावायला दहा मिनिटं लागली तरी घड्याळ बघून सुस्कारे टाकू नका. आपण दोर बांधताना गाठ तीनदा तपासतो ना, तसंच आहे.

रविवारी दोघा-तिघांनी चारलाच हॉलवर पोचायचं. ध्वनिव्यवस्थेची चाचणी चालू असताना एकाने शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकायचं, कारण स्टेजवरून मागचं काही कळत नाही. शब्द स्पष्ट येतात का, डग्गा गुमगुमतो का, हार्मोनियम गळ्यावर चढते का, एवढंच सांगायचं. घुमारा कमीच ठेवायला सांगा. रिकाम्या हॉलचा आवाज वेगळा असतो, माणसं भरली की तो दबतो, म्हणून चाचणीत थोडं जास्त वाटलं तर चालेल. पंखा स्टेजवर थेट येत असेल तर तो बंद. एसीचा झोतही तंबोऱ्यावर नको, लावलेला सूर हलतो. आणखी एक जण दाराशी, उशिरा येणाऱ्यांना थोपवायला. बंदिश संपली, टाळ्या पडल्या की आत सोडायचं, मध्येच नाही. हे काम आमच्या सगळ्यात आडदांड मित्राकडे दिलंय. घाटात गाडी अडवणाऱ्या माकडांनाही तो पुरून उरतो.

ग्रीनरूममध्ये गर्दी नको. "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य कोणीही उच्चारायचं नाही, त्यानेच टेन्शन येतं. सेल्फी नंतर. थर्मासमध्ये गरम पाणी आणि एक रिकामा पेला दाराबाहेर ठेवून परत फिरायचं. खायला काही आणू नका, ती दुपारी तीनला मऊ भात खाऊन येते आणि मग गाणं संपेपर्यंत काही घेत नाही. तिचे गुरुजी येणार आहेत. पहिली रांग त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबरच्या ज्येष्ठांसाठी सोडायची. आपण तिसऱ्या रांगेपासून मागे, पण मधोमध. समोरच्या खुर्च्या रिकाम्या आणि आपली टोळी कोपऱ्यात, असं चित्र कलाकाराला स्टेजवरून फार भकास दिसतं.

आता कपडे आणि आवाज, म्हणजे आपला मुख्य दोष. मागच्या वर्षी तिच्या पहिल्या कार्यक्रमात आपण बरोबर सहाला, थेट एका छोट्या चढाईवरून आलो होतो. विंडचीटर दर हालचालीला खसखसत होते. मंद्रातल्या षड्जावर ती स्थिर झाली, तंबोरे छान मिसळले, आणि आपल्यातल्या एकाने सॅकचं वेल्क्रो उघडलं. खर्रर्र. ते एका झटक्यात उघडलं असतं तर निभावलं असतं, पण आवाज होऊ नये म्हणून त्याने सावकाश, बोटबोट करून उघडलं, आणि ते अर्धा मिनिट चाललं. आतून चिक्की निघाली, तिचाही कागद. तेव्हा या वेळी सुती कपडे, सॅक घरी, चिक्की घरी. रेनकोट आणि छत्र्या बाहेर व्हरांड्यात. मोबाइल बंद, कंपनावर नाही, बंद. आणि पहाटे साडेतीनचे गजर लावणाऱ्यांनी संध्याकाळचा एखादा चुकून राहिलेला नाही ना, ते बघा. सवाई गंधर्व महोत्सवात लोक मांडवाखाली सतरंजीवर डबे उघडतात हे मला माहीत आहे. १९५३ पासून चालत आलेल्या त्या उत्सवाचा थाट वेगळा, तिथे हजारोंत तुमची कचोरी खपून जाते. इथे तुमचा आवंढासुद्धा ऐकू येईल.

दाद द्यायची, पण जागा बघून. सम नेमकी आली, एखादी जागा अनपेक्षित निघाली की हळू "वा" किंवा "अहा" पुरे. उगीच दर दोन मिनिटांनी "क्या बात है" म्हटलं की गाणाऱ्यालाही कळतं की हा ऐकत नाहीये. आलापात टाळ्या नाहीत, शिट्ट्या कधीच नाहीत (हे कोणाला उद्देशून आहे ते त्याला कळलंय). दादाची तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून घेतलेला शेवट, समेवर नेमकी पडली तर त्याच्याकडे बघून मान डोलवा. साथीदाराकडे कोणी बघत नाही, तो ते विसरत नाही. मांडीवर ताल धरायला हरकत नाही, मात्र शेजाऱ्याच्या खुर्चीच्या दांड्यावर नको.

फोटो एकच माणूस काढेल, बाजूने, फ्लॅशशिवाय, कॅमेऱ्याचा आवाज बंद करून, आणि पहिला आलाप संपल्यावरच. पूर्ण रेकॉर्डिंग एका ट्रायपॉडवर, ताईने गुरुजींना विचारलं आहे. ते तिने ऐकून हो म्हणेपर्यंत कुठेही टाकायचं नाही. तिला स्वतःचा एखादा कणसूर, म्हणजे किंचित हललेला सूर, टोचत असतो आणि आपण उत्साहात नेमका तोच तुकडा जगभर वाटतो.

मध्यंतरात बाहेर बटाटेवडे असतील. खा, पण हात धुवून आणि घंटा होण्याआधी आत या.

एक गोष्ट मी यादीत शेवटी ठेवली, कारण ती मला बोलायला जड जाते. मागच्या वर्षी साडेआठला आपल्यातले चौदा जण उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे रतनगडला निघायचं होतं. ती तेव्हा भैरवीसाठी डोळे मिटून सूर घेत होती, आणि डोळे उघडले तेव्हा समोर मधल्या दोन रांगा रिकाम्या. तिने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, बसलो होतो तेव्हा तिने फक्त विचारलं, "अभंग कोणी ऐकला का रे?" आम्ही कोणीच बोललो नाही. वारा जोरात होता, तेवढाच आडोसा. म्हणून सोमवारी काही ठरवलेलं नाही. ज्यांना घरी लवकर जायचंय त्यांनी मध्यंतरातच जावं, राग नाही. पण जे आत बसतील ते भैरवी संपेपर्यंत बसतील.

नंतर भेटायला जाल तेव्हा नुसतं "मस्त झालं" नको. ऐकलेली एक तरी गोष्ट सांगा, मल्हारातला तो दोन निषादांचा, कोमल आणि शुद्ध 'नी'चा, खेळ आवडला असेल तर तो, नाहीतर दादाने धरलेली लय. चुकलेलं त्या रात्री काढू नका, तिला आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. आधी गुरुजींना तिला भेटू द्या. मग सतरंज्या गुंडाळायच्या, खुर्च्या रचायच्या, हॉलच्या पहारेकऱ्याला किल्ली द्यायची, तंबोरे जसे आणले तसे उशीवर. महिनाभर तिने गार काही तोंडात घातलेलं नाही, तेव्हा जेवणाची चौकशी न करता आधी आइस्क्रीम. आंबा मिळाला नाही तर सीताफळ. तंबोरे तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार जण थांबा, लिफ्ट बंद आहे.