शेफची उंच टोपी: शिवायची कशी, कडक ठेवायची कशी

अठराव्या शतकापर्यंत फ्रेंच स्वयंपाकघरात आचारी डोक्याला मऊ सुती टोपी घालत. ती ताठ आणि उंच करण्याचे श्रेय सहसा फ्रेंच शेफ मारी-आंत्वान कारेमला (1784–1833) देतात. त्याने टोपीत पुठ्ठा घालून ती उभी केली, असे सांगतात. पुढे एस्कॉफिए या फ्रेंच शेफच्या काळात मोठ्या हॉटेलांतल्या स्वयंपाकघरांत हुद्द्यांची उतरंड पक्की झाली आणि टोपीची उंचीही हुद्दा सांगू लागली. टोपीच्या शंभर चुण्या म्हणजे शेफला येणारे अंड्याचे शंभर प्रकार, ही मात्र दंतकथा. शिवणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, 48 चुण्या पुरतात.

टोपीचे खरे काम कपाळावरची पट्टी करते: घाम शोषते, केस आत धरते. वरचा फुगा मानापुरता, म्हणून मेहनत आधी पट्टीवर घ्या.

कापड पांढरे सुती पॉपलिन, एक मीटर. पॉलिस्टर नको, ते घाम शोषत नाही आणि आचेजवळ वितळते. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा, नाहीतर पहिल्याच धुलाईत पट्टी आटते आणि कपाळावर वळ उठतो.

भुवयांच्या वर, कानांना न दाबता डोक्याचा घेर मोजा. घेर 58 सेमी असेल तर पट्टी 60 सेमीची हवी. शिवणीसाठी दोन्ही टोकांना दीड सेमी धरून 63 × 19 सेमीचा तुकडा उभ्या धाग्यावर कापा. उरेब (धाग्याला तिरके) कापलात तर टोपी महिन्याभरात सैल होते. दर्शनी अर्ध्या भागावर 60 × 8 सेमीचे बकरम (कडक अस्तर) इस्त्रीने चिकटवा आणि टोके जोडून कडे करा. जोड मागे येऊ द्या. बटण किंवा टाचणी कुठेही नको, ती सुटली तर थेट पातेल्यात जाते.

वरच्या भागासाठी 60 सेमी व्यासाचे वर्तुळ कापा. वर्तुळाचा काठ चार ठिकाणी उरेब येतो आणि ताणला जातो, म्हणून काठापासून एक सेमीवर आधी साधी शिलाई मारून घ्या. मग कापड चार वेळा दुमडा. काठाचे 16 भाग होतील. प्रत्येकाचे तीन करून खडूने खुणा करा, दोन खुणांत साधारण 3.9 सेमी अंतर येईल. चुण्या एकाच दिशेने घाला. प्रत्येक चुणीचा सव्वा सेमी भाग दिसावा, बाकी कापड मागे दडावे. इथेच सगळ्यांचे बिनसते: प्रत्येक चुणी एक मिलिमीटरने जास्त दिसली, तर 48 चुण्यांत घेर जवळजवळ पाच सेमी वाढतो. म्हणून कच्चा टाका घालून घेर मोजा. दोन सेमी जास्त भरला तर दहा चुण्या दोन-दोन मिलिमीटर खोल करा. एकाच चुणीत सगळे ढकलले की तिथे गाठोडे दिसते.

पट्टीची बकरमची कड चुण्यांना सुलट बाजू आत ठेवून शिवा. तीन-तीन थर येतात, तेव्हा 16 नंबरची सुई आणि लांब टाका. मग पट्टी आत उलटवून कड दुमडून पक्की करा. उघडी कड ठेवू नका, तिचे धागे जेवणात पडतात.

खळ कॉर्नफ्लॉवरची: चार मोठे चमचे थंड पाण्यात कालवा आणि एक लिटर उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पीठ थेट गरम पाण्यात टाकले की गुठळ्या होतात, त्या कापडावर पांढरे ठिपके सोडतात. तरीही गाळून घ्या. टोपी बुडवून पिळा आणि अर्धवट ओली असतानाच इस्त्री करा, पट्टीपासून वर, चुणीच्या दिशेने. पूर्ण वाळलेली खळ इस्त्रीखाली सुटते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ही टोपी दुपारपर्यंत मान टाकते. तेव्हा कागदी टोपीच बरी.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, फिका पडतो.

भारतात 2011 च्या अन्न परवाना नियमांतील अनुसूची 4 डोके झाकायला सांगते. कितीही उंच टोपी लांब केसांची वेणी झाकत नाही. लांब केसवाल्यांनी आत जाळी घालावीच. आणि डोक्यावर धुराड्याचा हूड खाली असेल तर उंचीचा हट्ट सोडा.