पाळी आणि रोजा-नमाज : या चुका टाळा

रमजानमध्ये हमखास ऐकू येणारा प्रश्न : "मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजीला, रोजा सुटायला) दहाच मिनिटं होती तेव्हा पाळी आली. तशीच थांबले, मग रोजा झाला ना?" नाही झाला. तो ईदनंतर कजा करायचा, म्हणजे भरून काढायचा. सुटलेल्या नमाजींची मात्र कजा नाही. नबींच्या (पैगंबरांच्या) पत्नी हजरत आयेशांची हदीस (त्यांनी सांगितलेली नोंद) याबाबत स्पष्ट आहे, तरी कितीतरी जणी महिनोन्‌महिने नमाजी फेडत बसतात.

सगळ्यात जास्त घोळ दिवस मोजण्यात होतो. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी; हे दोन मसलक, म्हणजे धार्मिक नियमांचे पंथ. हनफींमध्ये हैज (पाळी) कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त दहा. शाफईंमध्ये एक दिवस-रात्र ते पंधरा दिवस. रत्नागिरीची मुलगी लग्न होऊन मराठवाड्यात गेली आणि अकराव्या दिवशीही रक्त दिसलं, तर सासूच्या हिशेबाने तो इस्तिहाजा (पाळीत न धरलेला रक्तस्राव), आईच्या हिशेबाने हैजच. दोघीही आपापल्या जागी बरोबर. म्हणून आपला मसलक आधी ठरवा आणि त्याच्याच आलिमाला (धर्माच्या जाणकाराला) विचारा. इस्तिहाजात नमाज-रोजा सुटत नाही, फक्त प्रत्येक नमाजीच्या वेळी नवा वुजू (नमाजीआधी हात-तोंड-पाय धुणं) लागतो.

दुसरी चूक घाईची. डाग पिवळसर असतानाच गुस्ल (शुद्धीची अंघोळ) करून मोकळं व्हायचं. बायका डबीत कापूस घालून हजरत आयेशांकडे पाठवत. त्यावर पिवळेपणा दिसला की त्या सांगत, पांढरा स्राव दिसेपर्यंत घाई करू नका.

बाळंतिणीचं याच्या उलट. स्राव विसाव्या दिवशी थांबला तरी "सवा महिना" पुरा व्हायची वाट पाहतात. चाळीस दिवस ही हनफींची कमाल मर्यादा आहे, शाफईंची साठ. किमान मुदत दोन्हीकडे नाही. थांबलं की गुस्ल, आणि नमाज सुरू.

गुस्लआधी नेलपॉलिश काढा, पाणी केसांच्या मुळापर्यंत पोहोचू द्या.

आणि पोरींनो, घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून बाथरूममध्ये लपून पाणी पिऊ नका. नबींनी आयेशांकडे चटई मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, मला हैज आहे. उत्तर मिळालं, तुझा हैज तुझ्या हातात नाही. दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (नबींसाठीची दुआ) या दिवसांतही चालू ठेवा.

पाळीची नोंद ठेवता त्या वहीत तारखेबरोबर वेळही लिहा. असरच्या (दुपार उलटल्यावरच्या नमाजीच्या) वेळेत पाळी थांबली तर असर फर्ज (बंधनकारक) होते, शाफईंना त्या दिवशीची जोहरही (दुपारची नमाजही).