जुन्या कागदांत हरवलेला ऑफिसर कसा शोधायचा

अमेरिकेतल्या फ्रेंच-इंग्रज युद्धातल्या गस्तीबद्दल वाचताना एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, रिपोर्टात "मारला गेला" लिहिलंय म्हणून माणूस मेलाच असं नाही. १३ मार्च १७५८ ची लेक जॉर्जजवळची चकमक घ्या, सरावाला बेस्ट आहे.

आधी डोकी मोजा. इंग्रजांच्या बाजूने जंगलात गस्त घालणाऱ्या रेंजर्स तुकडीचा प्रमुख रॉबर्ट रॉजर्स, त्याच्या १७५७ च्या नियमांत पहिलाच नियम आहे की रोज संध्याकाळी हजेरी, प्रत्येकाकडे बंदूक, साठ गोळ्या आणि कुऱ्हाड हवी. म्हणजे निघाले किती आणि परतले किती हा हिशोब बहुतेक वेळा लागतो. इथे फोर्ट एडवर्ड या इंग्रज किल्ल्यावरून रॉजर्सबरोबर सुमारे १८० निघाले, परतले पन्नासच्या थोडे वर. बाकीचे मेले, पकडले गेले, की वाट चुकले?

मग शत्रूचे कागद उघडा, खरी मजा तिथेच. फ्रेंचांना रॉजर्सचा कोट सापडला, खिशात त्याचं नेमणूकपत्र, झालं, त्यांनी लिहून टाकलं की रॉजर्स गेला. तो मात्र जॅकेट टाकून कसाबसा सटकला होता. त्यामुळे कोट, टोपी, कागद सापडले तर पुरावा वस्तूचा धरा, माणसाचा नाही. आकडेही दोन्हीकडचे शेजारी ठेवून बघा, रॉजर्स म्हणतो समोर सातशे होते, फ्रेंच हिशोबात त्याच्या निम्मेही नाहीत. हरलेला माणूस शत्रू मोठा दाखवणारच ना!

तिसरं, कैद्यांची पत्रं सोडू नका. हौशीने सोबत गेलेले कॅप्टन प्रिंगल आणि लेफ्टनंट रोश हे दोघे रेग्युलर आर्मीतले, बर्फावरच्या बुटांची फारशी सवय नाही, लढाईनंतर जंगलात हरवले. वाट माहितीये म्हणणारा रॉजर्सचा नोकर भेटला, तोही चुकला. खायला थोडं सॉसेज आणि आलं, बास. आठवडाभर भटकून २० मार्चला ते फोर्ट कारियाँच्या फ्रेंचांकडे शरण गेले. हे कळतं कशावरून, तर प्रिंगलने कैदेतून २८ मार्चला आपल्या कर्नल हॅविलंडला लिहिलेल्या पत्रावरून. म्हणून यादी बघताना लढाईच्या तारखेवर थांबू नका, पुढचे दोन-तीन आठवडे तरी चाळा.