घरच्या प्रार्थनेत गाणं थांबल्यावरची पाच मिनिटं

चर्चमधली रविवारची उपासना पाळकसाहेब सांभाळतात. अडतं ते आठवड्यातल्या घरच्या प्रार्थनेत. आठ-दहा माणसं, एक पेटी, आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "आज काही देवाची समक्षता जाणवली नाही बघा." त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: आणखी दोन गाणी घ्या, आवाज वाढवा. नेमकं हेच करू नका.

प्रार्थनेचा क्रम बायबलच्या स्तोत्र 95 मध्ये तयार आहे. वचन 1 आणि 2 मध्ये गाणं नि उपकारस्तुती, 6 मध्ये गुडघे टेकणं, 7 मध्ये त्याची वाणी ऐकणं. आपण पहिल्या दोन वचनांत अर्धा तास घालवतो आणि मधलं गुंडाळून टाकतो.

वेळ नळाला पाणी यायची नको. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

गाणी तीन, बारा मिनिटं. पेटीची पट्टी काळी एक किंवा पांढरी दोन. भजनी मंडळासारखी काळी पाच धरली तर दुसऱ्या कडव्याला निम्मे गळे गप्प होतात. कोल्हापूरच्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये भरल्या मंडळीत जे खपतं, ते कसबा बावड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत खपत नाही. शेवटचं गाणं 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं ना. वा. टिळकांचं एखादं संथ भजन असू द्या. लय वाढवत नेऊन टाळ्यांवर संपवू नका. नाद खुळा झाला, अंगावर काटा आला, म्हणून समक्षता आली असं होत नाही. तो काटा तालीम मंडळाच्या मिरवणुकीतही येतो.

आता अवघड भाग. गाणं संपलं की शांतता, सुरुवातीला तीन मिनिटं, महिन्याभरानं पाच. त्याहून जास्त नको, लहान पोरं असतील तर मुळीच नको.

आधी स्तोत्र 139 ची वचनं 23 आणि 24 सावकाश दोनदा वाचा. वाचून झाल्यावर एक शब्दही बोलू नका. इथेच घात होतो. चालवणाऱ्याला ती शांतता सोसत नाही, मग तो "हालेलूया, होय प्रभू" करत भोक बुजवतो. पेटीवाल्याचा हात शिवशिवतो. भाता बंद करून खटका लावायला लावा. नुसता षड्ज, म्हणजे सा, धरला तरी माणसं त्यावर गुणगुणायला लागतात. मागं कीबोर्डचा सूर लावून ठेवायचा प्रकार तर साफ नको. त्यानं वातावरण तयार होतं आणि आपण वातावरणालाच देव समजतो. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्ट्यापुढून वारा गेला, भूकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर मंद वाणी आली.

पहिला मिनिटभर मन गॅसवर, उसाच्या बिलावर, उद्याच्या डब्यावर पळणारच. त्याच्याशी झगडू नका. जे आठवलं तेच देवापुढे ठेवा आणि पुन्हा वचनाकडे या. मग एकच पाप, नाव घेऊन, मनात कबूल करा. "आम्ही सारे पापी आहोत" ही पळवाट आहे. बांधावरून भावाशी अबोला असेल तर तोच आठवतो, हमखास. अशा वेळी मत्तय 5:23-24 काय सांगतं ते स्पष्ट आहे: आधी समेट, मग अर्पण. भाऊ खोलीतच असेल तर उठून जा. नसेल तर रात्रीच फोन करा.

कुणाला रडू आलं तर भोवती गर्दी करून डोक्यावर हात ठेवायला धावू नका. रडू द्या. कुणाला काहीच वाटलं नाही तर "विश्वास कमी पडला" म्हणू नका; स्तोत्र 95 गुडघे टेकायला सांगतं, काय वाटलं पाहिजे ते सांगत नाही. आणि "देव मला म्हणाला" असं कुणी सांगितलं तर ते शास्त्राशी ताडून पाहा, पाळकांना विचारा. त्यावरून कुणाचं लग्न ठरवू नका, मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका.

त्यानंतर शुभवर्तमानातला एक उतारा, दहा मिनिटं. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, प्रत्येकी दोन वाक्यं. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना.

चहाचं आधण आमेननंतरच ठेवा. घरची बाई शांततेत उठून स्वयंपाकघरात गेली की भांड्यांच्या आवाजानं सगळ्यांचे डोळे उघडतात, आणि त्या माउलीच्या वाट्याला ती पाच मिनिटं कधीच येत नाहीत.