फाईल पोचते, फॉन्ट पोचत नाही

घर खानापुरात आणि डीटीपीचं दुकान बेळगावात असेल, तर पेनड्राईव्हची ने-आण बंद करा. दोन्ही कॉम्प्युटरवर 'गूगल ड्राईव्ह फॉर डेस्कटॉप' (इंटरनेटवरून दोन्हीकडच्या फाईली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून एकाच खात्यानं लॉगिन करा. १५ जीबी जागा फुकट मिळते, पण तीत जीमेल आणि फोटोही आलेच. सेटिंगमध्ये 'मिरर' निवडा. मग फाईलींची पूर्ण प्रत डिस्कवर राहते आणि पावसात नेट गेलं तरी काम अडत नाही. संध्याकाळी मात्र सिंक (बदललेली फाईल ड्राईव्हवर चढणं) पूर्ण झालेलं बघूनच मशीन बंद करा, नाहीतर घरी कालचीच फाईल उघडेल.

आता खरी डोकेदुखी. आपल्याकडे लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मी ती दुकानात जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केली. घरी उघडली तर 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! फाईल बिघडली नव्हती, घरच्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. म्हणून मजकूर दोन्ही भाषांत युनिकोडमध्येच टाईप करा, आणि गिऱ्हाईकाला दाखवायची प्रत पीडीएफ करून ठेवा.

आणखी एक. घरी फाईल डिलीट केली की दुकानातूनही जाते. ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, तेवढ्यात परत काढा. पत्रिकेच्या जुन्या फाईलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच.