थायरॉईडच्या ऑपरेशननंतर घरी वेदनाशामक गोळ्या कशा घ्याव्यात

मिरजेत थायरॉईडचं ऑपरेशन करून जतला, आटपाडीला किंवा तासगावला परतलेल्या पेशंटला पहिले दोन-तीन दिवस जास्त दुखतं. टाके दुखतात, भूल देताना घातलेल्या नळीमुळे घसा खवखवतो आणि मानेची मागची बाजू आखडते. या मागच्या दुखण्याने घरचे घाबरतात, पण ऑपरेशनच्या वेळी मान मागे कलवून ठेवलेली असते, त्यामुळे स्नायू धरतात.

पहिलं काम म्हणजे डिस्चार्ज कार्डावरच्या आणि घरच्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या समोर मांडा आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. यांतली एका वेळी एकच घ्यायची. दोन घेतल्या तर आराम दुप्पट होत नाही, पोटाचा आणि किडनीचा त्रास मात्र वाढतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. त्यावर डोलो ६५० घेतली की पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं. निरोगी प्रौढाला चोवीस तासांत सगळं मिळून पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर नको. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांकडून घ्या.

अल्सर, किडनीचा किंवा हृदयाचा आजार, वेदनाशामक गोळीने उठणारा दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारं औषध, यांतलं काही असेल तर सूज उतरवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि सोबत लघवीची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा. तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो, पाणी कमी प्यायलं तर जास्तच.

रक्तस्रावाची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक, म्हणून पहिली गोळी कधी घ्यायची हे सर्जनच ठरवतील. पुढे दुखणं चढायची वाट बघत बसू नका, वेळेवर घ्या. आयबुप्रोफेन ४०० दिवसातून तीनदा लिहून दिली असेल तर नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण झाल्यावर. गिळताना दुखतं म्हणून उपाशीपोटी घेणारे बरेच असतात आणि मग जळजळ होते. मऊ भात, मुगाची खिचडी, गार नाचणीची आंबील सहज उतरते. भाकरी-खर्डा चार दिवस राहू द्या.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, सुरू असेल तर ती मात्र सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा तासाभराने. कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी.

झोपताना डोकं दोन उशांवर ठेवा. उठताना डोक्यामागे हात धरून कुशीवरून उठा, म्हणजे टाक्यांवर ओढ येत नाही. सांगलीकरांच्या घरात हळद भरपूर, पण ती टाक्यांवर लावू नका.

तीन-चार दिवसांत दुखणं उतरलं की आधी सूज उतरवणारी गोळी बंद करा, लागलं तर नुसतं पॅरासिटामॉल.

मान झपाट्याने फुगली, श्वास अडला किंवा गळा आवळल्यासारखा वाटला तर गोळी देत बसू नका, तत्काळ १०८ ला फोन करा. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण असतं. वेदनाशामकाने ते थांबत नाही, त्याच दिवशी सर्जनना कळवा.