जिल्हा परिषदेच्या शाळेत एक जर्मन चित्र तासभर कसं पाहायचं

आल्फ्रेड लिख्टवार्क 1886 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलादालनाचे पहिले संचालक झाले. त्याआधी ते शाळामास्तर होते. शाळेतल्या मुलांना चित्रापुढे बसवायचं, माहिती न सांगता प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत 1897 मध्ये पुस्तकातून छापली गेली. आठवी-नववीला ती उत्तम चालते. अडचण एवढीच, की त्यांच्यापुढे मूळ चित्रं होती आणि आपल्याकडे फ्लेक्स असतो.

चित्र जर्मन चित्रकार आडोल्फ मेंत्सेल यांचं घ्या, रोलिंग मिलचं, म्हणजे तापलेलं लोखंड रुळांमधून दाबून काढणाऱ्या कारखान्याचं, 1872 ते 1875 मध्ये रंगवलेलं. मूळ माप 254 बाय 158 सेंटिमीटर. फ्लेक्स 3 फूट उंच केला तर रुंदी 4 फूट 10 इंच येते. दुकानदार ते ताणून सरळ 5 फूट करतो आणि माणसं जाडी दिसतात. कडेला पांढरं सोडायला सांगा. फाइल किमान 4000 पिक्सेल रुंदीची हवी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती लहान होते, चेहरे पुसट छापले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फ्लेक्स खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, चकाकी येते. खिडकीला काटकोनात असलेली भिंत बरी. मुलं टाटपट्टीवर बसणार, म्हणून खालची कड जमिनीपासून दीड फुटावर ठेवा. शेजारी खडूने मूळ मापाची चौकट आखा, 8 फूट 4 इंच बाय 5 फूट 2 इंच. ती पाहिल्याशिवाय चित्राचा आवाका कळत नाही. एका वेळी वीसच मुलं.

नाव, साल काहीच लिहू नका. पाच मिनिटं बोलणं बंद. मग विचारा: उजेड कुठून येतोय? मधल्या तापलेल्या लोखंडातून, हे मुलांना सापडतं. गावात लोहाराचा भाता पाहिलेलं पोरगं बहुधा आधी बोलतं. पुढचा प्रश्न सगळ्यात मोलाचा: या क्षणी लोखंडाला हात न लावणारे कोण? डावीकडे पाळी संपल्यावर अंग धुणारे, उजवीकडे पत्र्याच्या आडोशाला जेवणारे, मागे टोपीवाला साहेब. जेवणाऱ्यांपाशी टोपली घेतलेली एक पोरगी थेट आपल्याकडे पाहते. वावरात शिदोरी पोचवणाऱ्या मुलींना तिच्याबद्दल बरंच सांगायचं असतं. तिथे घाई करू नका.

‘चित्राचा अर्थ काय?’ हे विचारलं की तास बिघडतो. मुलं चित्राऐवजी सरांच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. कुणी ‘आग लागली’ म्हणालं तर खोडू नका. ‘कुठे दिसते, दाखव’ म्हणा. जवळ जाऊन बोट ठेवताना चूक आपोआप सुधारते. हुशार मुलाला शेवटी बोलवा, नाहीतर बाकीचे गप्प होतात.

माहिती शेवटच्या दहा मिनिटांत: कारखाना वरचा सायलेशिया या तेव्हा जर्मनीत असलेल्या प्रदेशातल्या क्यॉनिग्सह्यूटे इथला, आज ते पोलंडमधलं होझूफ. चित्र बर्लिनच्या नॅशनल गॅलरीने घेतलं. ही गॅलरी 1876 मध्ये उघडली. तिच्या दर्शनी भागावर ‘जर्मन कलेला’ असं कोरलेलं आहे. तशा इमारतीत घाम गाळणारे मजूर एवढे मोठे टांगले गेले, हे मुलांना जरूर सांगा.

लिख्टवार्क यांनी 1889 पासून चित्रकारांकडून हॅम्बुर्गचीच चित्रं काढून घेतली. कापसाच्या हंगामात तेच करा: मालकाला विचारून जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाशी मुलांना पाऊण तास बसवा, कागद, पेन्सिल आणि तोंडाला रुमाल देऊन, कारण कापसाची धूळ घशात जाते.